अख्खं बेकिंगचं पुस्तक: पानांच्या क्रमाने की तंत्राच्या?

पुस्तकातली प्रत्येक कृती करून पाहायची ठरवली, तर पहिल्या पानापासून ओळीने गेलं की आज काय करायचं हा प्रश्नच उरत नाही. पण पुस्तकं बहुधा पदार्थांच्या प्रकारानुसार लावलेली असतात, अवघडपणानुसार नाही. सलग बिस्किटंच आली की घरचेही कंटाळतात.

तंत्रानुसार जायचं तर आधी कुठल्या कृतीला कुठलं तंत्र लागतं याचा तक्ता करावा लागतो. कटकटच ती, पण फळते. कस्टर्डला अंड्याचे बलक वापरले की उरलेल्या पांढऱ्याचं मरँग, म्हणजे साखर घालून फेटलेला हलका गोड फेस, होतं. साउअरडोचं (विकतच्या यीस्टशिवाय आंबवलेल्या पावाचं) स्टार्टर, म्हणजे विरजणासारखं आंबवलेलं पीठ, तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो, ते आधीच लावता येतं. साध्या यीस्टच्या पावावर हात बसल्यावर क्रॉसाँ, म्हणजे लोण्याच्या थरांचा पाव, घ्यावा. आत लोणी ठेवलेल्या पिठाला तीनदा तिहेरी घडी घातली की लोण्याचे २७ थर होतात, तिथे घाई चालत नाही. मी हाच मार्ग धरेन. फक्त नावडत्या कृती शेवटी साचतात, त्या मध्येमध्ये पेराव्यात.