गूगल डॉक्सचा पूर्ण पडदा: आत जाणे सोपे, बाहेर येणे अडखळते
गूगल डॉक्समध्ये ‘व्ह्यू’ मेनूतून ‘फुल स्क्रीन’ निवडले की मेनू आणि टूलबार नाहीसे होऊन समोर केवळ मजकूर उरतो. दीर्घ लेखनासाठी ही सोय उत्तमच आहे. बाहेर पडण्यासाठी मात्र पडद्यावर कायमचे बटण नाही. ‘एस्केप’ दाबण्याची सूचना क्षणभर झळकते, ती नजरेतून सुटली की नवखा माणूस मेनू शोधत बसतो. खरी गल्लत होते ती ब्राउझरच्या पूर्ण पडद्यामुळे, कारण विंडोजवर तो ‘एफ११’ने सुरू केलेला असल्यास ‘एस्केप’ने टूलबार परतला तरी टॅबची पट्टी लपलेलीच राहते आणि पुन्हा ‘एफ११’च दाबावे लागते. कोपऱ्यात एखादे पुसटसे चिन्ह ठेवले असते, तर एकाग्रता काही भंगली नसती.