पेढ्याएवढं कासव आणलं, त्याला चौदा महिने झाले

गेल्या मेच्या सुट्टीत लेकाने हट्ट धरला म्हणून ठाण्यातल्या एका दुकानातून लाल कानाचं स्लायडर कासव आणलं. कवच जेमतेम चार सेंटिमीटर, म्हणून नाव पेढा. कासवाचे चारशे, प्लॅस्टिकच्या भांड्याचे दोनशे; भांड्यात मधोमध नारळाचं झाड. “भांडं लहान ठेवा ताई, कासवही लहानच राहतं,” दुकानदाराने छातीठोक सांगितलं. आज पेढा साडेदहा सेंटिमीटरचा आहे, म्हणजे पुरीएवढा. मादी निघाली तर पंचवीस-तीस सेंटिमीटर, म्हणजे थेट भाकरी. वीस-तीस वर्षं सहज जगेल. लेक नऊ वर्षांचा आहे, हिशेब तुम्हीच करा.

पहिला पावसाळा वाईट गेला. घोडबंदरला जुलैत कधीकधी आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. मी भांडं खिडकीच्या काचेमागे ठेवून निर्धास्त होते. ऑगस्टमध्ये पेढ्याने खाणं सोडलं, आणि कवच बोटाने हलकं दाबलं तर दबलं. पोटात गोळा आला. कासव बघणारा डॉक्टर सापडेपर्यंत चार फोन झाले. त्यांनी सांगितलं, काचेतून उजेड येतो, पण ज्या अतिनील किरणांवर अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, ते किरण काच अडवते. ड-३ नाही, तर कॅल्शियम अंगी लागत नाही. त्यात मी रोज नुसता सुका जवळा घालत होते! मग त्याच अतिनील किरणांचा यूव्हीबी दिवा आला, त्याखाली चढून बसायला कोरडी जागा आली, जवळ्याच्या जागी कासवाचा दाणा आणि पाला आला. कॅल्शियमसाठी पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा टाकला (काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो). कवच घट्ट व्हायला दिवाळी उजाडली. हा दिवा वर्षभराने पेटलेला दिसतो, पण त्यातले किरण ओसरलेले असतात. मी यंदा पाऊस सुरू व्हायच्या आत नवा लावला.

पण सगळ्यात जास्त काम पाण्याचं. कासव खातं तिथेच घाण करतं, त्यामुळे माशांच्या टाकीचा फिल्टर चार दिवसांत हात टेकतो. आपल्या टाकीच्या दुप्पट लिटरच्या टाकीला चालेल असा फिल्टर घ्या. आमची टाकी तीन फुटी, त्यात सव्वाशे लिटर पाणी, म्हणजे पाण्याचंच वजन सव्वाशे किलो; टीव्हीच्या टेबलावर ठेवायचा विचार सोडा. मी पेढ्याला वेगळ्या टबात जेवायला घालते, तेव्हापासून टाकीचा वास निम्म्यावर आला. दर रविवारी चाळीस लिटर बदलते. सोसायटीत पाणीकपात असली की शेजारीण माझ्या बादल्यांकडे बघते, मी नजर चुकवते. काढलेलं पाणी जास्वंदीला. कढीपत्त्याला नाही, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो. अमेरिकेने चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर 1975 मध्ये बंदी घातली ती त्याचमुळे. मुलं ती तोंडात घालायची. आमच्याकडे टब ओट्याच्या सिंकमध्ये धुवायचा नाही, आणि कासवाला हात लावला की साबण.

सासूबाईंचं म्हणणं, देवळातल्यासारखं जमिनीवरचं कासव आणलं असतं तर पाण्याची कटकटच नव्हती. चांदण्यांच्या नक्षीचं कासव “शुभ असतं” म्हणून मलाही कुणीतरी गुपचूप देऊ केलं होतं. ते आणि आपल्याकडच्या तळ्यांतलं मऊ पाठीचं, दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरात सापडलं तर तीन ते सात वर्षं तुरुंग. आफ्रिकेचं सुलकाटा कोरड्या माळावरचं, मोठं झालं की पन्नास किलोच्या घरात जातं. टू बीएचकेमध्ये ते फिरणार कुठे?

पहिल्यांदाच पाळणार असाल तर दुकानातलं पिल्लू घेऊच नका. पाळून कंटाळलेल्या कुणाकडून तरी मोठा झालेला नर स्लायडर घ्या. पुढच्या पायांची नखं लांब आणि शेपटी जाड असेल तर तो नर. मादीपेक्षा बराच लहान राहतो. मोठ्या कासवात नर-मादी ओळखू येते, कवच घट्ट आहे का दिसतं, टाकी केवढी लागेल तेही कळतं. पिल्लात यातलं काहीच कळत नाही. पेढा नर की मादी, हे मला चौदा महिन्यांनंतरही सांगता येत नाही. असे कंटाळलेले लोक शोधायला लागत नाहीत; मी फिल्टरची चौकशी करत होते तेव्हा दोघांनी “आमचंही घेऊन जा ना” म्हणून विचारलं. मी नाही म्हटल्यावर एकाचा पुढचा प्रश्न, उपवन तलावात सोडलं तर चालेल का? अजिबात नाही. स्लायडर मूळचं अमेरिकेतलं, आणि जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. इथल्या कासवांच्या तोंडचा घास आणि उन्हात बसायची जागा ते बळकावतं.

सध्या नखांकडे लक्ष ठेवून आहे. लांब झाली तर तीन फुटी टाकीत निभेल. नाही झाली तर चार फुटी लागेल, आणि हॉलमधला दिवाण जाईल. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही.