काटेकोरांटी की कळलावी? कमी पाण्याच्या बागेसाठी निवड

काटेकोरांटी हे काटेरी झुडूप, कळलावी हा कंदातून उगवणारा वेल. दोन्ही आपल्याच मातीतल्या, एकदा लावल्या की वर्षानुवर्षं राहणाऱ्या आणि उन्हाळा फारशा पाण्यावाचून काढणाऱ्या. पण उन्हाळा काढण्याची तऱ्हा वेगळी, आणि निवड तिथेच ठरते. काटेकोरांटी पानं कमी करून, मरगळलेली का होईना, जागेवर उभी राहते. कळलावी दिवाळीच्या सुमारास पिवळी पडते, वाळते आणि जूनपर्यंत फक्त जमिनीखालच्या कंदात जिवंत असते. तेवढे महिने ती जागा ओसाड दिसणार.

घरात लहान मूल, कुत्रं किंवा मोकळी चरणारी शेळी असेल तर विचार इथेच थांबवा आणि कोरांटी घ्या. कळलावीच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन नावाचं विष असतं. रताळं समजून कंद खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. लावतानाही हातमोजे हवेत.

हा अडसर नसेल तर देखणेपणात कळलावीपुढे कोरांटी फिकी पडते. उलट्या वळलेल्या पाकळ्या हिरवट-पिवळ्यापासून तांबड्या होत जातात, त्यामुळे एकाच वेलावर सगळे रंग दिसतात. बी लावलंत तर फुलासाठी काही वर्षं थांबावं लागतं, म्हणून नर्सरीतून कंद घ्या. रानातून उपटू नका. कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो आणि डोळा फक्त टोकाला. टोक मोडलं की कंद फुकट. मेअखेर तो आडवा, ५ ते ७ सेंमी खोल ठेवा. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत पुरतं. वेल पानाच्या टोकाने आधार पकडतो, त्यामुळे जाड बांबूपेक्षा तुरकाठ्या किंवा जाळी बरी. उंची दीड-दोन मीटर धरा.

कळलावी मरते ती बहुतेक वेळा पाण्यानेच. पानं पिवळी पडल्यावरही ठिबक चालू राहिलं की निद्रिस्त कंद सडतो. काळ्या चिकण जमिनीत तर हा धोका पावसाळ्यातही असतो. तिथे बारा इंची कुंडी वापरा आणि वेल वाळला की कुंडी पाण्यापासून दूर सरकवा. जमिनीतच लावली असेल तर जागेवर खूण ठेवा, नाहीतर मार्चमध्ये कुदळ नेमकी कंदावर पडते. पावसाळ्यात काळ्या, ठिपकेदार अळ्या पानं खरवडून खातात. सकाळी वेचून काढा.

काटेकोरांटीचे एवढे नखरे नाहीत. जुलैत १२ ते १५ सेंमीचे अर्धवट पक्व फाटे लावले की सहज मुळं धरतात. दोन झाडांत ६० सेंमी अंतर ठेवा, ऊन भरपूर द्या. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी आळं भरून पाणी, पुढे मुरमाड जमिनीतही महिन्यातून एक-दोनदा पुरे. पावसाळा सरता सरता पिवळी फुलं सुरू होतात आणि थंडीत टिकतात. बहर संपल्यावर एक तृतीयांश छाटा. छाटलं नाही तर खाली नुसती लाकडं आणि वर चार पानं उरतात. सावलीत झाड लांबुडकं होतं, फुलं रोडावतात. काटे बोटात शिरतात, म्हणून पायवाटेलगत नको. कुंपणाच्या कडेला मात्र तेच कामाला येतात. बोंडं फुटून बी लांब उडतं, त्यामुळे पावसात रोपं जिथे तिथे उगवतात. ती लहान असतानाच उपटा. काटे अजिबात नको असतील तर जांभळी कोरांटी बघा, पण तिला पाणी थोडं जास्त लागतं.

जागा अर्ध्या सावलीची असेल तर या दोघींऐवजी पांढरा चित्रक लावा. त्याच्या मुळांच्या रसाने कातडीवर फोड येतात, एवढं सांभाळा. नर्सरीत मागताना ‘पांढऱ्या फुलांचा’ असं स्पष्ट सांगा, कारण प्लंबॅगो (चित्रकाचं इंग्रजी नाव) म्हणून सहसा हातात पडतो तो निळ्या फुलांचा, आणि तो दक्षिण आफ्रिकेतला.