कोडा फाइल सिस्टिम: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे. फाउंड्रीला लागणाऱ्या पॅटर्नची, म्हणजे साचा बनवायच्या नमुन्यांची, ड्रॉइंग करतो, सगळं लिनक्सवर, फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये. फाइली सर्व्हरवर, आणि आम्ही निम्मा वेळ शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये. शेडच्या पत्र्याखाली मोबाइलला रेंज नसते. एनएफएसवर (सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून थेट वापरायची पद्धत) होतो तेव्हा कनेक्शन गेलं की उघडं ड्रॉइंगसुद्धा अडकून बसायचं. म्हणून उन्हाळ्यात कोडा लावलं, म्हणजे नेटवर्क गेलं तरी सर्व्हरवरच्या फाइलींवर काम करू देणारी फाइल सिस्टिम.

कोडा तसं जुनं आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांच्या गटाने १९८७ मध्ये त्यावर काम सुरू केलं, तिथल्याच एएफएस या आधीच्या नेटवर्क फाइल सिस्टिमच्या पायावर. फाइल उघडली की अख्खी लॅपटॉपवर येते, बंद केली की सर्व्हरवर जाते. मधल्या वेळेत दुसऱ्या कुणी ती बदलली तर सर्व्हर आपणहून कळवतो.

पण खरी कमाल होर्डिंगची, म्हणजे लागतील त्या फाइली आधीच लॅपटॉपवर साठवून ठेवण्याची. काल उघडलेलं ड्रॉइंग कॅशमध्ये (लॅपटॉपवरच्या साठ्यात) असतंच, फाउंड्रीत गेल्यावर मात्र पार्टी दोन वर्षांपूर्वीचं पंप केसिंगचं ड्रॉइंग उघडायला सांगते. त्यामुळे ज्यांच्याकडे जायचं त्यांचं फोल्डर आदल्या संध्याकाळी होर्डच्या यादीत टाकतो, मागे ‘डी+’ लावून. म्हणजे आतलं सगळं, आणि नंतर आत जे भर पडेल तेही. मग ‘होर्ड वॉक’ ही कमांड चालवायची, की यादीतल्या फाइली लॅपटॉपवर येतात. तिकडे उभ्या उभ्या मशीनिंग अलाउन्स (मशीनवर कापायला सोडलेला जादा भाग) बदलून सेव्ह केला तरी तो बदल लॅपटॉपच्या लॉगमध्ये थांबतो आणि ऑफिसात आल्यावर वर चढतो. ‘सीएफएस एलव्ही’ या कमांडने किती नोंदी बाकी आहेत ते दिसतं. तो आकडा शून्यावर आल्याशिवाय आमच्याकडे कुणी लॅपटॉप मिटत नाही.

नव्या माणसाला टोकन, म्हणजे पासवर्ड दिल्यावर मिळणारा तात्पुरता परवाना, हमखास नडतं. ते साधारण २५ तासच टिकतं. दोन दिवस बाहेर राहून आलं की नेटवर्क असूनही बदल चढत नाहीत, ‘क्लॉग’ ही लॉगिनची कमांड देऊन पुन्हा पासवर्ड द्यावा लागतो. इतकी महत्त्वाची गोष्ट स्क्रीनवर ठळक दिसू नये, याचा मला राग येतो.

एकाच फाइलला दोघांनी हात लावला तर तिच्या जागी तुटकी सिम्बॉलिक लिंक (दुसरीकडे बोट दाखवणारी, पण काहीच न उघडणारी नोंद) दिसते, पुढे आकड्या-अक्षरांची लांब माळ. नवीन मुलगी हे बघून रडवेली झाली होती. फाइल गेलेली नसते. ‘रिपेअर’ या कमांडमधून दोन्ही प्रती निघतात, पण ड्रॉइंगमधलं कोणाचं भोक कुठे ठेवायचं हे माणसालाच ठरवावं लागतं. यावर उपाय म्हणून कोणतं ड्रॉइंग कोणाकडे बाहेर गेलंय ते आता भिंतीवरच्या फळ्यावर लिहितो.

ऑफिसात टर्मिनलला न घाबरणारं कुणीतरी असेल तरच कोडा घ्यावं. नाहीतर मशीन-मशीनमध्ये फोल्डर सारखे ठेवणारा सिंकथिंग हा प्रोग्रॅम बरा, फक्त त्यात प्रत्येक मशीनवर सगळा फोल्डर उतरतो. आमची ड्रॉइंग लॅपटॉपच्या डिस्कमध्ये मावणारी नाहीत, त्यामुळे आम्ही इथेच राहणार. पुढच्या पावसाळ्याआधी दुसरा सर्व्हर राजारामपुरीत घरी बसवायचा आहे, कारण एकच व्हॉल्यूम (फाइलींचा गट) दोन सर्व्हरवर ठेवायची सोय यात मुळातच आहे. रोजचा बॅकअप मात्र त्यानंतरही वेगळ्या डिस्कवर चालूच ठेवू.