घरबसल्या इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट म्हणे!
एक स्टार पण जास्तच होतोय. साइटवर लिहिलेलं '१० वर्षं व्हॅलिड', तिथेच खरंतर ट्यूब पेटायला हवी होती कारण खरं परमिट १९४९ च्या आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक करारातलं असेल तर १ वर्ष आणि १९६८ वालं जास्तीत जास्त ३ वर्षं चालतं. आलं काय, तर चकचकीत प्लास्टिक कार्ड, त्यावर माझा ताणलेला फोटो. रेंटल काउंटरवरच्या बाईंनी उलटंपालटं करून बघितलं नि गुपचूप परत सरकवलं, गाडी काय मिळाली नाही. खरं परमिट म्हणजे करड्या कव्हरचं कागदी पुस्तक, ज्या देशाचं लायसन्स तिथलंच लागतं, आणि मूळ लायसन्स सोबत हवंच. जपानला जाणाऱ्यांनी १९४९ वालंच घ्या, १९६८ वालं तिथे चालत नाही.