थिन क्लायंट: पतसंस्था आणि मोंढ्यातल्या ऑफिसांनी घेण्याआधी

दहा टेबलांच्या पतसंस्थेत किंवा मोंढ्यातल्या अडतीवर थिन क्लायंट (काम सगळं सर्व्हरवर, टेबलावर फक्त मॉनिटर-कीबोर्ड जोडायचा छोटा डबा) बसवायचे असतील, तर डबा कोणत्या कंपनीचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी प्रत्येक काउंटरवर यूएसबीला काय काय लावलंय ते लिहून काढा: पासबुक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, डीएससी म्हणजे डिजिटल सहीचं टोकन, बारकोड स्कॅनर, जुन्या मराठी फॉन्टचं डोंगल. ही यादी दोन ओळींत संपत असेल तर थिन क्लायंट खुशाल घ्या. लांबत असेल तर त्या टेबलांपुरता साधा पीसीच बरा.

आता डबे. डेल वाइज ३०४० हा सगळ्यात छोटा. ॲटम प्रोसेसर, २ जीबी रॅम तीही बोर्डावरच पक्की, म्हणजे वाढवता येत नाही. टॅली, एक्सेल आणि पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आरडीपीवर (सर्व्हरची स्क्रीन डब्यावर दाखवणारी विंडोजची सोय) चालवायला तो पुरतो, पण डब्यातच ब्राउझर चालवायचा म्हटलं तर रडतो. त्याला फक्त दोन डिस्प्लेपोर्ट आहेत. जुने व्हीजीए मॉनिटर वापरायचे असतील तर प्रत्येकी एक ॲक्टिव्ह कन्व्हर्टर हिशोबात धरा. याचे ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे दोन प्रकार बाजारात आहेत, त्यामुळे जुना घेताना मागचं लेबल वाचल्याशिवाय ॲडाप्टर लावू नका. बोर्डावरचा सेल संपला की बायोसची सेटिंग पुसली जातात, हेही जुन्या नगांत नेहमीचं.

वाइज ५०७० मात्र मनापासून सुचवावा असा. जे४१०५ सेलेरॉन किंवा जे५००५ पेंटियम, पंखा नाही, डीडीआर४ रॅमचे दोन स्लॉट. पाच-सात वर्षं कुठे जात नाही. एचपी टी६४० त्याच्याच तोडीचा, रायझनमुळे दोन मॉनिटरवर थोडा जास्त चपळ. पण कारकुनी कामात तो फरक कुणाला जाणवणार नाही. जो जवळच्या डीलरकडे सुट्या भागांसह मिळेल तो घ्या. एनकॉम्प्युटिंगचे एल मालिकेतले जुने डबे स्वस्तात पडलेले दिसतात, पण ते कंपनीच्याच व्हीस्पेस सॉफ्टवेअरवर चालतात. तुमच्या सर्व्हरच्या आवृत्तीला ते सॉफ्टवेअर चालतं का, हे तपासूनच पैसे मोजा. असे डबे घेतले म्हणून मायक्रोसॉफ्टचं लायसन्स वाचतं, असं विकणारा सांगतो. वाचत नाही.

आपल्याकडे थिन क्लायंटचा खरा फायदा विजेचा. डबा आणि १९ इंची एलईडी मॉनिटर मिळून साधारण ३० वॅट, म्हणजे दहा टेबलांचे ३०० वॅट. १२ व्होल्ट, १५० एएचच्या चांगल्या बॅटरीतून नुकसान वजा जाता हजारेक वॅट-तास हाती लागतात, म्हणजे तीन तास निघतात. सर्व्हरला मात्र वेगळा ऑनलाइन यूपीएस हवाच. लाइट गेली आणि इन्व्हर्टर पलटताना डबा बंद पडला तरी सेशन, म्हणजे तुमचं उघडलेलं काम, सर्व्हरवर जिवंत असतं. परत लॉगिन केलं की अर्धवट भरलेलं व्हाउचर तसंच समोर येतं. डबा वीज येताच आपोआप सुरू व्हावा यासाठी बायोसमध्ये एसी रिकव्हरी ‘पॉवर ऑन’ला ठेवा. यात बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट राहून जाते, ती म्हणजे नेटवर्क स्विच. तो भिंतीच्या साध्या प्लगवर असला की डबे चालू, सर्व्हर चालू, आणि दहाही स्क्रीनवर ‘कनेक्शन लॉस्ट’.

सर्व्हरचा हिशोब सोपा आहे. माणशी २ जीबी रॅम आणि वर ६ ते ८ जीबी. दहा जणांना ३२ जीबी, आठ कोअर, आणि आरशासारख्या दोन एसएसडी, रेड १ मध्ये. हार्ड डिस्क नको, सकाळी दहाला सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा तीच अडते. क्रोममध्ये व्हॉट्सॲप वेब, शेजारी यूट्यूब असं दहा जणांनी सुरू केलं तर हा सगळा हिशोब कोलमडतो. व्हिडिओच्या साइट फायरवॉलवरच अडवा. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये दोन व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक) चालवायची मुभा असते. टर्मिनल सर्व्हर (ज्यावर सगळ्यांची सेशन चालतात तो) हायपर-व्हीमध्ये, म्हणजे विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीत, ठेवा आणि त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढत राहा, कारण सर्व्हर पडला की अख्खं ऑफिस पडतं.

लायसन्सच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. विंडोज सर्व्हर सीएएल (माणशी किंवा डब्यामागे सर्व्हर वापरायचा परवाना) आणि त्यावर आरडीएस सीएएल (रिमोट सेशनचा परवाना), दोन्ही लागतात. पहिले १२० दिवस आरडीएस लायसन्सशिवाय चालतं, म्हणून बसवून देणारा निघून जातो आणि १२१व्या दिवशी काउंटर थांबतात. लहान ऑफिसात डोमेन (सगळ्यांची लॉगिन एका जागी सांभाळणारी व्यवस्था) नसतं, वर्कग्रुप असतो. तिथे ‘पर डिव्हाइस’ सीएएलच घ्या; २०१९ आणि पुढच्या सर्व्हरवर ‘पर युजर’ लावलं तर वर्कग्रुपमध्ये तासाभराने सेशन तुटतं. विंडोज ११ प्रोला पॅच मारून दहा जण घुसवणारेही भेटतील. ते बेकायदा तर आहेच, शिवाय पुढच्या अपडेटला बंद पडतं. टॅलीचं सिल्व्हर एका वापरकर्त्याचं, इथे गोल्डच लागेल.

आता ती यूएसबीची यादी. आधारच्या अंगठा मशीनची आरडी सर्व्हिस (मशीनला ब्राउझरशी जोडणारं सॉफ्टवेअर) ब्राउझरशी १२७.०.०.१ या, म्हणजे त्याच संगणकाच्या पत्त्यावर, १११०० ते १११२० मधल्या पोर्टवर बोलते. टर्मिनल सर्व्हरवर हा पत्ता सगळ्यांना मिळून एकच. मग दोन काउंटरवर दोन मशीनं लावली की एका टेबलाचा ब्राउझर दुसऱ्या टेबलावर अंगठा मागू शकतो. अंगठ्याच्या टेबलाला सरळ पीसी द्या. डीएससी टोकन सर्व्हरला खोचून सगळ्यांनी वापरायची युक्तीही चालत नाही, कारण आरडीपी सेशनला समोरच्या डब्याकडचंच स्मार्टकार्ड दिसतं. टोकनचा ड्रायव्हर सर्व्हरवर हवा आणि डब्यात स्मार्टकार्ड रीडायरेक्शन (डब्याला लावलेलं टोकन सेशनमध्ये पोचवणारी सेटिंग) चालू हवं.

पीएलक्यू-२० सारख्या पासबुक प्रिंटरची ओळ सरकते ती बहुतेक वेळा कागदाच्या मापामुळे. पासबुकाचं माप सर्व्हरच्या प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये नवा फॉर्म म्हणून नोंदवा, मग ड्रायव्हरमध्ये निवडा. मराठी मजकूर ग्राफिकमध्ये छापला जात असल्याने वेग कमी असणारच. खातेदारांची रांग मोठी असेल तर नोंदी इंग्रजी टेक्स्ट मोडमध्ये छापा. लेझर प्रिंटर मात्र नेटवर्कचेच घ्या, डब्याला यूएसबीने लावू नका.

मराठी टायपिंगला एक छोटा त्रास आहे. डब्याचा इंग्रजी कीबोर्ड सेशनवर लादला जातो आणि इनस्क्रिप्ट गायब होतं. सर्व्हरच्या रजिस्ट्रीत ‘कीबोर्ड लेआउट’ खाली ‘इग्नोअर रिमोट कीबोर्ड लेआउट’ हे मूल्य १ केलं की प्रश्न मिटतो.

देखभालीला वाइज मॅनेजमेंट सूटची (सगळे डबे एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर) स्टँडर्ड आवृत्ती फुकट आहे, एचपीचा डिव्हाइस मॅनेजरही. डीएचसीपीत (डब्यांना नेटवर्कचा पत्ता वाटणारी सेवा) पर्याय १६५ ला सूटचा पत्ता आणि १९९ ला ग्रुप टोकन दिलं की नवा वाइज डबा खोक्यातून काढून जोडताच स्वतः सेटिंग ओढून घेतो. विंडोज आयओटीवाल्या डब्यात राइट फिल्टर असतो, रीस्टार्टला सगळे बदल पुसले जातात. फिल्टर बंद न करता अपडेट टाकलं तर ते टिकत नाही, आणि ओव्हरले (बदल तात्पुरते साठवायची जागा) भरला की डबा गोठतो. म्हणून रात्री एकदा रीस्टार्ट लावून ठेवा. जुना वाइज घेतला आणि बायोस पासवर्ड मागत असेल तर आधी ‘फायरपोर्ट’ इंग्रजीत, पहिलं अक्षर मोठं, टाकून पाहा. नाहीच उघडला तर तो नग परत करा. थिनओएस (वाइजची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम) नसलेल्या ५०७० वर ते फुकटात चढत नाही, लायसन्स लागतं.

परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि या डब्यांची कागदावरची मर्यादा ४० अंशांच्या आसपास. पंखा नसल्याने धूळ आत ओढली जात नाही हे खरं, पण मॉनिटरच्या पाठीला चिकटवून भिंतीला टेकवला की उष्णता बाहेर पडायला जागाच उरत नाही. स्टँडवर उभा ठेवा, चहूबाजूंनी चार बोटं मोकळी.