'अ‍ॅस्पेन' म्हणून विकलेला सुतारशाळेतला भुसा

पिंजऱ्यात अंथरायला 'इम्पोर्टेड अ‍ॅस्पेन' या परदेशी लाकडाचा भुसा म्हणून घेतलेल्या पिशवीतून आमच्या घरी सनमायकाचे तुकडे निघाले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठेही असाल आणि घरात हॅम्स्टर किंवा ससा असेल, तर आधी उठा, तुमच्याकडच्या पिशवीतला मूठभर भुसा पांढऱ्या कागदावर पसरा आणि मग पुढचं वाचा.

आमच्याकडे मुलीचा एक सिरियन हॅम्स्टर होता, शेंगू, आणि दोन ससे आहेत. बेडिंग आधी ऑनलाइन मागवायचो, पण पावसाळ्यात कुरिअर लांबायचं. म्हणून शहरातल्या एका पेट शॉपमधून घ्यायला लागलो. दुकानाचं नाव इथे देत नाही, तक्रार चालू आहे. पारदर्शक पिशवी, वर हॅम्स्टरचं रंगीत चित्र, 'प्रीमियम अ‍ॅस्पेन, डस्ट फ्री' असं ठळक अक्षरांत. किलोला 380 रुपये. मी लाकूड कुठलं ते मुद्दाम विचारलं होतं. दुकानदार म्हणाला, "वहिनी, परदेशी लाकूड हाय. जनावराला एकदम सेफ." ओलं तर नाही ना, असं विचारल्यावर म्हणाला, "माल ताजा असतोय, परवाच खानापूरासनं आलाय."

ही दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत. अ‍ॅस्पेन हे उत्तर युरोप-अमेरिकेतल्या थंड मुलखातलं झाड. खानापूरच्या जंगलात सागवान आहे, मत्ती आहे, जांभा आहे, अ‍ॅस्पेन नाही. तिथल्या वखारीतून ताजं अ‍ॅस्पेन येऊच शकत नाही. तुम्हाला कुणी परदेशी लाकूड आणि जवळची वखार एकाच दमात सांगितलं, तर तिथेच पिशवी खाली ठेवा.

आठवड्याभरातच शेंगूचे डोळे चिकटायला लागले. मग शिंका. मग श्वास घेताना कट्कट असा बारीक आवाज. सशांपैकी कापशीच्या नाकातून पाणी येत होतं आणि ती पुढच्या पंजांनी सारखी नाक पुसत होती, इतकी की पंजांवरची लव चिकट झाली. पावसाचे दिवस, गारठा असेल असं घरात सगळे म्हणत होते. आपल्याकडे गाई-म्हशी आणि कुत्री बघणारे डॉक्टर भरपूर आहेत. हॅम्स्टर हातात घेऊन तपासणारा शोधावा लागतो. शेवटी कोल्हापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी खाली काय अंथरता ते विचारलं आणि तो भुसा त्याच दिवशी बदलायला सांगितला.

हॅम्स्टरला अंथरुणाचा एवढा त्रास का होतो, हे त्यांनी समजावलं ते सगळ्यांनी ऐकण्यासारखं आहे. हा प्राणी मूळचा सिरियातल्या अलेप्पोच्या आसपासच्या कोरड्या मैदानातला. 1930 साली तिथल्या बिळातून काही पिल्लं पकडली गेली आणि आज जगभर पाळले जाणारे सिरियन हॅम्स्टर बहुतेक त्यांचेच वंशज. त्याचा जन्म बीळ खणण्यासाठी. कुत्रा गादीवर झोपतो. हॅम्स्टर अंथरुणाच्या आत राहतो, त्यात बोगदे करतो, तेच गालाच्या पिशव्यांत भरून नेतो. दिवसभर त्याचं नाक त्या भुशातच असतं. ससा तर जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे त्याचं नाक चोंदणं ही गंभीर गोष्ट आहे. शिवाय हे दोन्ही शिकार होणारे प्राणी. आजार लपवतात. आपल्याला दिसेपर्यंत तो बराच पुढे गेलेला असतो.

घरी आल्यावर मी तो भुसा पिठाच्या चाळणीने चाळला. खाली पिवळसर पीठ पडलं, तळहातावर घेतलं तर शिंक येईल असं. वर उरलेल्यात रंध्याचा कीस, काही कडक चपटे तुकडे, आणि एका बाजूने चकचकीत तपकिरी कपच्या. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना दाखवलं. त्यांनी चिमूट चोळून वास घेतला आणि म्हणाले, "बाई, ह्यात प्लायवूड हाय. ही कपची सनमायकाची. आणि हा राळेचा वास येतोय तो पाइनचा, मशिनांच्या पेट्या असतात बघा, त्याचा." म्हणजे कुठल्या तरी फर्निचरच्या कारखान्यातला झाडून काढलेला कचरा.

प्लायवूडचे थर आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्या) सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनने चिकटवलेले असतात, आणि फॉर्मल्डिहाइड डोळे-नाक-घसा जाळतं. मालाच्या पेट्यांच्या लाकडावर कधीकधी कीड मारण्याची प्रक्रिया झालेली असते. परदेशी पेट्यांवर 'एचटी' शिक्का असेल तर उष्णतेची, 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइड वायूची. कीस झाल्यावर शिक्का कुठला आणि लाकूड कुठलं, काही कळत नाही. भट्टीत न वाळवलेलं साधं पाइन आणि सीडर (देवदारासारखं सुवासिक लाकूड) तर एरवीही टाळायचं, कारण ज्या सुवासामुळे माणसाला ते आवडतं तीच तेलं आणि आम्लं या जिवांच्या श्वासनलिकेला त्रास देतात. भट्टीत वाळवलेल्या पाइनमध्ये हे द्रव्य बरंच कमी होतं; सीडर मात्र कुठल्याही रूपात नको.

दुकानात परत गेले तेव्हा मी तो चाळलेला सगळा माल समोर ठेवला. आधी उत्तर मिळालं, "तुम्हीच ओलं ठेवलासा असंल." सनमायका दाखवल्यावर, "वरनं पॅकिंग येतंय, आमी काय बघतोय आत?" आणि नंतर जे झालं त्याचा मला सर्वात जास्त राग आला. आतून दुसरी पिशवी काढून म्हणाला, "हे नको तर लव्हेंडर वासाचं देतो की, पन्नास कमी करून." ज्या माणसाला जनावर शिंकतंय हे सांगितलं, तो मला अत्तर मारलेला भुसा विकत होता. सुगंधी बेडिंग कुठल्याही लहान प्राण्याला देऊ नका, कुणी कितीही सांगू दे. त्याच फळीवर 'हॅम्स्टर कॉटन' नावाचा रंगीत कापूसही होता. त्याचे तंतू पायाला करकचून गुंडाळले जातात, गिळले तर आतड्यात अडकतात. तोही नको.

शेंगू गेला. भुशानेच गेला असं डॉक्टर खात्रीने म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण अंथरूण बदलल्यावर कापशीचं नाक सुकलं आणि तिच्यासोबतचा ससा आजारी पडलाच नाही. माझी मुलगी रडून रडून झोपली त्या रात्री मी ठरवलं की हे लिहायचं.

घेताना पिशवी उलटी करून छापलेलं वाचा. बंद पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे 2011 च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांप्रमाणे छापावं लागतं. माल बाहेरून आणलेला असेल तर आयातदार आणि कुठल्या देशाचा तेही. आमच्या पिशवीवर हॅम्स्टरच्या चित्राशिवाय यातलं काहीच नव्हतं. खरं अ‍ॅस्पेन फिकट, जवळजवळ पांढरं असतं, एकाच रंगाचं, आणि नाकाला धरलं तरी जेमतेम लाकडाचा वास येतो. दोन-तीन रंगांचा कीस दिसला, राळेचा किंवा फेविकॉलसारखा वास आला, पिशवी हलवल्यावर आत धुरळा उठला, तर घेऊ नका.

परवडत नसेल तर वखारीतला भुसा आणण्यापेक्षा बिनवासाचा, बिनरंगी टिश्यू पेपर हाताने फाडून भरा. हॅम्स्टरला तो चालतो, बिळाचं छतही धरून राहतं. कोरा कागद कातरून घालता येतो. चकचकीत कागद आणि दुकानाच्या बिलाचा थर्मल कागद घालू नका. थर मात्र जाड हवा, निदान वीतभर. सशांना वाळलेलं गवत घाला, तेच खाणं आणि तेच अंथरूण. भाताचं पिंजर इकडे सहज मिळतं, पण पावसाळ्यात त्याला आतून बुरशी धरते; पेंढी सोडून मधला वास घेतल्याशिवाय वापरू नका. पोल्ट्रीत टाकतात ते तूस फार धुळीचं असतं. मांजरासाठीची गोळा होणारी माती सशाने खाल्ली तर पोटात फुगते, म्हणून तीही नाही. ओला कोपरा रोज काढा, कारण मुताचा अमोनिया साचला की चांगल्यातलं चांगलं बेडिंगही नाक जाळतं. हॅम्स्टरचं सगळं अंथरूण मात्र एकदम बदलू नका, थोडं जुनं कोरडं ठेवा, नाहीतर स्वतःचा वास हरवून तो बिथरतो.

तक्रार करायला वकील लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीतही बोलता येतं, आपल्याकडे बऱ्याच जणांना भाषेची अडचण वाटते म्हणून सांगते. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. त्यासाठी बिल जवळ असलेलं बरं. दुकानदाराने चिठ्ठीवर नुसती रक्कम लिहून दिली तर त्यावर 'अ‍ॅस्पेन बेडिंग' असं लिहायला लावा, तो शब्दच पुढे उपयोगी पडतो. माझ्याकडे उरलेला भुसा, पिशवी आणि बिल तिन्ही बंद डब्यात ठेवलेलं आहे. हॅम्स्टरचं चित्र आणि 'डस्ट फ्री' एवढंच छापलेली पिशवी तुमच्याकडेही असेल, तर ती रिकामी झाली तरी टाकू नका, तळाशी उरलेल्या मूठभर मालासकट ठेवा आणि तुमची तक्रारही नोंदवा.